अकरावं छिद्र

"चाळीस पानं, भाऊजी. फार तर बेचाळीस," मेहुणा म्हणाला. "आपला इतिहास तो काय असणार? गोळी सुटली, लागली, संपलं."

हा मेहुणा राष्ट्रीय नेमबाजी संघटनेचा सरचिटणीस होता. संघटनेला साठ वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्ताने इतिहास छापायचा होता, आणि लेखक घरातलाच मिळाला तर तो उगाच चुका काढत बसणार नाही असा मेहुण्याचा समज होता. इतका मोठा गैरसमज त्या संघटनेत साठ वर्षांत कुणी करून घेतला नसेल.

कारण ज्याला हे काम सांगितलं त्याचं कचेरीतलं नाव तळटीप असं होतं. एका दैनिकाच्या क्रीडा पानावर त्याने एकतीस वर्षं उपसंपादकी केली. 'सामना दोन गोलांनी जिंकला' एवढी साधी बातमी हातात आली तरी तो खाली बारीक अक्षरात एक ओळ जोडायचा : 'दुसऱ्या गोलाबाबत मतभेद आहेत.' या एकतीस वर्षांत त्याचं स्वतःचं नाव पेपरात दोनदा आलं. एकदा छत्री हरवली तेव्हा जाहिरातीत, आणि एकदा निवृत्तीच्या समारंभाच्या बातमीत. दुसऱ्या वेळी आडनाव चुकलं होतं.

आता पुस्तक म्हणजे मुखपृष्ठ, आणि मुखपृष्ठ म्हटलं की लेखकाचं नाव. मेहुणा गेल्यावर तळटीपने एका कोऱ्या कागदावर आपलं नाव तीन आकारांत लिहून पाहिलं. मधला आकार त्याला शोभून दिसला. ही गोष्ट कुणालाही माहीत नव्हती. बायकोला टेबल पुसताना तो कागद सापडला होता, पण बायकोला माहीत असलेली गोष्ट कुणालाच माहीत नाही असं धरायची त्या घरात पद्धत होती.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून अकरा ट्रंका आल्या.

"सभांची इतिवृत्तं वाळवीने खाल्ली," मेहुण्याने फोनवर सांगितलं. "पण निशाणं सगळी शाबूत आहेत. त्यातून काय ते काढा."

निशाणं म्हणजे पुठ्ठ्याची चौकोनी कार्डं. मधोमध काळं वर्तुळ, त्यात एकात एक कडी, वर नेमबाजाचं नाव, तारीख आणि रांगेचा क्रमांक. साठ वर्षं प्रत्येक स्पर्धेनंतर कुणीतरी ती इमानेइतबारे बांधून ठेवली होती. वाळवीने कागद खाल्ला आणि कार्डं सोडली, बहुधा शिशाचा वास तिला मानवला नसावा. तेव्हा संघटनेच्या इतिहासात आता एकही वाक्य शिल्लक नव्हतं. होती ती फक्त छिद्रं.

कार्डांना ओल लागली होती. ती वाळवायला तळटीपने काचेच्या गॅलरीत आडव्या चार दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून साडेतीनशे कार्डं टांगली. बायकोने चिमट्यांचा हिशेब मागितला, तो त्याने टाळला. दुपारी तीनला ऊन गॅलरीत आलं आणि प्रत्येक छिद्रातून प्रकाशाचा एक ठिपका निघून समोरच्या भिंतीवर पडला. ठिपके हजारो होते. वारा आला की सगळे एकदम हलायचे, भिंतीवरून कपाटावर, कपाटावरून छतावर, आणि परत जागेवर यायचे. बायको चहा घेऊन आली तर तिच्या गालावर एक संपूर्ण राष्ट्रीय स्पर्धा उमटली.

"हलू नकोस," तळटीप म्हणाला. "चोवीस वर्षांपूर्वीची उपांत्य फेरी आहे."

"चहा गार होतोय," बायको म्हणाली. पण तीही हलली नाही. कप हातात धरून बराच वेळ उभी राहिली.

पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे सासूबाई बसत. वय ऐंशी. तरुणपणी त्या नेमबाजी करायच्या हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एखाद्याला लहानपणी गोवर येऊन गेला हे माहीत असतं तसं. कुणी विचारत नसे आणि त्या सांगत नसत. ठिपके त्यांच्या भिंतीपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं आणि खुर्ची जरा भिंतीकडे वळवून घेतली.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. समोरच्या दारचे निवृत्त पोस्टमास्तर कार्डांखालून वाकून आत आले. "हे ठिपके राहू द्या. आधी जागा पक्की करा. पत्ता नसलेलं पत्र आणि जागा नसलेला इतिहास, दोन्ही परत येतात. पहिलं मैदान कुठे होतं? नकाशा काढा."

म्हणून तळटीप अभिलेख कार्यालयात गेला. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"जुन्या जागेचा नकाशा हवा तर जागेच्या सध्याच्या ताबेदाराचं संमतिपत्र लागेल."

"ताबेदार कोण आहे?"

कारकुनाने वही उघडली, बोट फिरवलं आणि तो थांबला. "आम्हीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं पहिलं मैदान या इमारतीखाली आहे."

"मग तुम्हीच द्या की संमती."

"आम्ही आमच्याकडे कसा अर्ज करणार? अर्ज बाहेरून यावा लागतो."

"मी बाहेरूनच आलोय."

"पण तुम्ही ताबेदार नाही." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली आणि हळू आवाजात म्हणाला, "नकाशा देता येणार नाही. पण तुम्ही बसलाय ना, तिथेच कुठेतरी उभं राहून मारत असतील."

तळटीप तिथे तासभर बसला. लांबट दालन होतं, टोकाला पंखा, पंख्याखाली फायलींचा डोंगर. डोळे अर्धवट मिटले की फायली गवत व्हायच्या आणि डोंगर गोळ्या अडवणारा मातीचा बांध. माणसं पोटावर पालथी पडून एक डोळा मिटायची. मग खिडकीवर कुणीतरी शिक्का मारायचा आणि तळटीप दचकून बाजूला व्हायचा.

नकाशाविनाच त्याने बाकीची मैदानं शोधली. इतिहास खरोखरच सोपा निघाला. संघटना प्रत्येक वेळी गावाबाहेर मैदान घ्यायची आणि काही वर्षांत गाव तिथे येऊन म्हणायचं, इथे गोळ्या कसल्या मारता? गोळी पुढे जायची आणि शहर तिच्या मागोमाग. तिसरं मैदान आता जलतरण तलावाच्या तळाशी होतं. दुसऱ्यावर प्रसूतिगृह उभं होतं. पन्नास मीटरची रांग नक्की कुठून कुठे होती हे मोजायला तळटीप तिथल्या व्हरांड्यात पावलं टाकू लागला. आधी पंचेचाळीस झाली, मग वळताना चुकली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला परिचारिकेने त्याच्या दंडाला धरून बाकावर बसवलं.

"आजोबा, फेऱ्या मारून काही लवकर होत नाही. मुलगी आहे का सून?"

"संघटना," तळटीप म्हणाला.

तिने पाणी आणून दिलं आणि बराच वेळ लक्ष ठेवलं.

हे दुसरं मैदान महत्त्वाचं होतं. संघटनेचा सगळा मान तिथे घडला होता. बावन्न वर्षांपूर्वी, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, आद्य अध्यक्षांनी दहा गोळ्यांत शंभरपैकी शंभर गुण मिळवले होते. संघटनेच्या पत्रांवर, बिल्ल्यांवर, फाटकाच्या कमानीवर तोच आकडा होता. ते मूळ कार्ड सोनेरी चौकटीत, काळ्या मखमलीवर, कार्यालयात टांगलेलं असे. तळटीपने मुखपृष्ठाच्या छायाचित्रासाठी ते मागून आणलं. मखमल काळी, वर्तुळ काळं, छायाचित्रात काहीच दिसेना. म्हणून त्याने चौकट उघडून कार्ड बाहेर काढलं.

पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याने या कामी क्ष-किरणाचे फोटो बघायची दिव्याची पेटी दिली, आणि भिंगही दिलं. सल्ला तर न मागता मिळाला : "घाई करू नका. एकमेकांत घुसलेले दात मोजतो तसं मोजा. कडेकडेने."

तळटीपने कडेकडेने मोजलं. नऊ.

चष्मा पुसून पुन्हा मोजलं. नऊ. बायकोला बोलावलं. तिने तांदळातले खडे वेचावे तसं भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "नऊ आहेत हो. आणि सगळी मधल्या कड्यात. किती हवी होती?"

"दहा."

"मग एक गोळी कुठे गेली?"

वर्तमानपत्रात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा प्रश्न एकदा ऐकला की जेवण जात नाही. कार्डावर रांग सातवी होती. तळटीपने ट्रंका उपसल्या. नवव्या ट्रंकेत त्याच तारखेचं आठव्या रांगेचं कार्ड मिळालं आणि त्याने ते दिव्यावर ठेवलं.

अकरा छिद्रं. दहा मधल्या कड्यात, एकमेकांच्या कडा धरून बसलेली. अकरावं दूर डावीकडे, पाच गुणांच्या कड्यावर एकटं. समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं : '१ पाहुणी.' खाली पंचांची सही आणि गुण : पंच्याण्णव.

मग तळटीपने वरचं नाव वाचलं. तीनदा वाचलं. सासूबाईंचं होतं.

बातमी एका तोंडून ऐकली की ती अफवा, दुसऱ्या तोंडून ऐकली की बातमी, असा त्याच्या पेपरात नियम होता. दुसऱ्या तोंडाच्या शोधात तो सध्याच्या, चौथ्या मैदानावर गेला. तिथे अजूनही रोज सकाळी येणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला खड्डेवाला म्हणत, कारण त्याने उभी हयात निशाणांखालच्या खड्ड्यात काढली होती. नेमबाजांनी गोळ्या मारायच्या, याने खाली बसून कार्ड उतरवायचं, छिद्रं पाहायची आणि लांब काठीने वर गुण दाखवायचे.

"खाली या," खड्डेवाला म्हणाला. "वर काही कळत नाही."

खड्ड्यात सावली होती, ओल्या मातीचा वास होता. डोक्यावरून गोळी जायची तेव्हा कुणीतरी दूर कापड टर्रकन फाडल्यासारखं वाटायचं. मग पुन्हा शांतता. वर आभाळाची एक लांब पट्टी दिसायची, आणि तिच्यातून एखादा ढग इतक्या संथपणे सरकायचा की तळटीप कशासाठी आलो हे काही वेळ विसरलाच. असं वाटलं की वर शहर येत राहील, मैदानं सरकत राहतील, आणि या पट्टीत मात्र कायम सकाळचे दहाच वाजलेले असतील.

"पाहुणी म्हणजे काय?" त्याने शेवटी विचारलं.

"शेजारच्याने चुकून तुमच्या निशाणावर मारलेली गोळी. नेमबाज इतका एकाग्र होतो की स्वतःचा आकडा सोडून सगळं दिसतं त्याला." खड्डेवाल्याने आठव्या रांगेचं कार्ड उजेडात धरलं आणि हसला. "ही माझीच पेन्सिल. बघा ना, दहा जणी एका खोलीत मांडी घालून बसल्यात, अकरावी दारात उभी आहे. पाहुणी कोण, हे काय पंचांना विचारायचं?"

"मग पंचांनी काय केलं?"

"सातव्या रांगेत अध्यक्ष होते. अध्यक्षांची गोळी दारात कशी उभी राहील? पंचांनी आतल्या दहातली एक उचलली, अध्यक्षांच्या नावावर लावली, आणि दारातली बाईंना दिली. नियमाने तर शेजारी मारली की शून्य. मी सांगितलं. मला म्हणाले, खड्ड्यातल्या माणसाने वर बघू नये."

तळटीपने एकतिसाव्या पानावर हे सगळं लिहिलं. आद्य अध्यक्ष, नव्वद. आठवी रांग, शंभर. पुरावे दोन. त्याने ते तळटिपेत टाकलं नाही, मजकुरात टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

रविवारी मेहुणा मुद्रितं बघायला आला. एकतिसाव्या पानावरचा पहिला परिच्छेद वाचूनच त्याने ती टेबलावर आपटली.

"भाऊजी, हे पान काढा."

"का?"

"का काय का! सध्याचे अध्यक्ष आद्य अध्यक्षांचे नातू आहेत. फाटकावर शंभरचा आकडा आहे, लोखंडी! आणि कोण ही आठव्या रांगेतली बाई? कुणी ऐकलंय का तिचं नाव?"

"खाली आहे नाव. वाच."

मेहुण्याने वाचलं. मग त्याने पलीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या.

"आई, तू?"

"मीच. त्यात काय एवढं?"

"तुला माहीत होतं?"

"माझ्या गोळ्या कुठे लागल्या ते मला नाही कळणार तर कुणाला?"

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"बोलले की. हरकत लेखी द्यावी लागते, निकाल लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत. मी सोळाव्या मिनिटाला पोचले."

"एका मिनिटासाठी?" मेहुण्याचा आवाज चढला. सरचिटणीस म्हणून तो याच नियमावर बोट ठेवून कित्येकांना परत पाठवत असे. "एवढी महत्त्वाची हरकत, आणि होतीस कुठे तू?"

"मंडपामागे. तू दीड वर्षाचा होतास, भूक लागली म्हणून बोंबलत होतास. तुला पाजत होते."

कार्डांचे ठिपके मेहुण्याच्या कपाळावरून सावकाश सरकत होते.

"पंचांना सांगितलं मी," सासूबाई पुढे म्हणाल्या, "पोर भुकेलं होतं. ते म्हणाले, नियमांत भुकेची तरतूद नाही. मग मी बंदूक ठेवून दिली. तुझं रडणं तेव्हा थांबलं होतं, तेवढं एक बरं झालं."

"अरे, अजूनही तुझं जेवण लवकर आटपत नाही," बायको भावाला म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे टोमणा नीट बसला नाही.

मेहुण्याने मुद्रितं पुन्हा उचलली, सरळ केली आणि पिशवीत ठेवली. "कार्यकारिणीपुढे ठेवतो," तो म्हणाला. चपला घालताना त्याने डावी उजव्या पायात घातली.

कार्यकारिणीची सभा तीन तास चालली. आद्य अध्यक्षांच्या नातवांनी दीड तास सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी दोन्ही कार्डं दिव्यावर ठेवायला सांगितली, स्वतः मोजली आणि म्हणाले, "आजोबा घरी या स्पर्धेविषयी कधीच बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, नम्रता." दुरुस्ती मंजूर झाली. फाटकावरचा आकडा उतरवायचं ठरलं. मात्र ठरावाला दुसरा परिच्छेद होता, आणि तो मेहुण्याने तळटीपकडे न बघता वाचून दाखवला :

"दुरुस्तीचा लाभ ज्या व्यक्तीस होतो तिच्या नातेवाइकाने सदर ग्रंथ लिहिल्याचे दिसल्यास दुरुस्तीविषयी शंका घेतली जाईल. सबब ग्रंथावर लेखकाचे नाव नसावे. ते ठेवायचे असल्यास एकतिसावे पान वगळावे."

"म्हणजे पान तरी किंवा नाव तरी," मेहुणा म्हणाला. "मी खूप भांडलो, भाऊजी. शपथेवर सांगतो."

तळटीपला सगळ्यात जास्त हे लागलं की ठराव बरोबर होता. एखाद्या जावयाने सासूच्या विक्रमाची बातमी आणली असती तर त्याने स्वतः पहिला प्रश्न हाच विचारला असता. अन्यायाविरुद्ध माणसाला निदान ओरडता तरी येतं. न्यायाने अपमान केला तर तोंड कुठे लपवायचं?

त्याने एक दुपार मागून घेतली. तीनला ऊन आलं. तो कार्डांखाली खुर्ची टाकून बसला आणि ठिपके त्याच्या हातांवरून, गुडघ्यांवरून, मांडीवरच्या मुखपृष्ठाच्या नमुन्यावरून हिंडू लागले. मधल्या आकारात छापलेलं त्याचं नाव फार सुरेख दिसत होतं. एक ठिपका त्याच्यावर येऊन थांबला, सरकला, पुन्हा आला. साडेतीन वाजता सासूबाई आतून म्हणाल्या, "जावईबापू, माझ्यासाठी काही करू नका हो. मला माहीत आहे, तेवढं पुरतं."

"तुमच्यासाठी नाही, आई," तळटीप म्हणाला. "चुकीचा आकडा छापून जाऊ देणं मला जमत नाही."

आणि त्याने लाल पेनने आपल्या नावावर काट मारली. सवयीने समासात 'वगळा' अशी खूणही केली. पट्टी न घेता रेघ इतकी सरळ आली की तिचंच त्याला थोडा वेळ समाधान वाटलं. मग वाटेनासं झालं.

प्रकाशनाच्या दिवशी तो पाचव्या रांगेत बसला. एका बाजूला पोस्टमास्तर, दुसऱ्या बाजूला दंतवैद्य. आभार मानणाऱ्याने 'ज्यांनी ज्यांनी हातभार लावला' असं म्हटलं तेव्हा पोस्टमास्तरांनी तळटीपला कोपर मारलं. दंतवैद्याने पुस्तक मागून उघडलं आणि तो आनंदाने कुजबुजला, "अहो, माझं आलंय! 'दिव्याची पेटी : पहिल्या मजल्यावरील दंतवैद्य.' तुमचं कितव्या पानावर आहे?"

"छपाईत गळलं असेल," तळटीप म्हणाला. दुसऱ्यांची नावं गळू नयेत म्हणून एकतीस वर्षं पगार घेतलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य फारच कडू लागलं.

व्यासपीठावर सासूबाईंना पदक दिलं. आद्य अध्यक्षांचे नातू वाकून नमस्कार करायला गेले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या आजोबांच्या नऊ मात्र अप्रतिम होत्या," त्या म्हणाल्या. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. सभागृह आधी चपापलं, मग हसलं, आणि मग उभं राहिलं. तळटीपही उभा राहिला. पुढच्या माणसाचं डोकं मध्ये येत असल्याने त्याला नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंका परत गेल्या. गॅलरी रिकामी झाली, ऊन आलं आणि भिंतीवर नुसतंच पडून राहिलं. तळटीप चिमटे मोजत होता. सासूबाई आपली प्रत घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

"सही करा."

"आई, माझं नाव नाही यात."

"म्हणून तर आणलं. मुखपृष्ठावर करा. पूर्ण नाव, आडनावासकट."

"ठराव झालाय तसा."

"ठराव संघटनेचा. प्रत माझी आहे. कुणाला हरकत असेल तर पंधरा मिनिटांत लेखी द्यावी."

बायको दारात येऊन उभी राहिली. तळटीपने पेन उघडलं. मुखपृष्ठावर मधोमध भरपूर जागा मोकळी होती, पण हात थरथरू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरावर न चुकता चाललेला हात.

"अहं," सासूबाई म्हणाल्या. त्या त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी तरुण आणि कोरडा झाला. "घाई नको. श्वास घ्या. आता अर्धा सोडा. तिथेच थांबा. हात आपोआप स्थिर होतो, त्याला स्थिर करायला जायचं नाही."

त्याने अर्धा श्वास सोडला आणि थांबला. हात स्थिर झाला.

"आता," सासूबाई म्हणाल्या.